तिसरा मालक

मागच्या महिन्यात जुनी गाडी विकावी म्हणून ॲपवर बुकिंग टाकलं, तर दुसऱ्याच दिवशी एक पोरगा दारात हजर. विशीतला असेल, गळ्यात आयकार्ड, पाठीवर सॅक, हातात टॅब. सॅकमधून त्याने एक छोटं यंत्र काढलं आणि ते पत्र्याला टेकवत टेकवत गाडीभोवती फिरला, रंगाची जाडी मोजायला, म्हणजे कुठे ठोकून परत पेंट मारलाय का ते लगेच कळतं. मग स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं आणि त्यावर तळहात धरून उभा राहिला, खालून धूर मारतोय का बघायला. स्टेपनी काढून खालचा खड्डा बघितला, दारांची रबरं ओढून आतलं वेल्डिंग बघितलं. शेवटी म्हणाला, "सर, एक नंबर ठेवलीये गाडी." आता असं कोणी म्हटलं की माणूस फुगतोच, मीही फुगलो, चहा टाकायला सांगितला. टॅबवर सगळ्या खुणा हिरव्या. मग त्याने कंपनी, मॉडेल, वर्ष भरलं, स्क्रीनवर ते चक्र थोडा वेळ फिरलं आणि जो आकडा आला तो बघून आम्ही दोघंही गप्प. म्हटलं अरे काहीतरी चुकलं असेल, परत टाक. तो जरा ओशाळून म्हणाला, "नाही सर. गाडी चांगलीये. पण कंपनी गेली ना."

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या बाबतीत त्यांच्यात फार फरक नाही. जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी भारतात शेवरले विकणं थांबवलं, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले कारखाने बंद करतोय म्हणून जाहीर केलं, फियाटच्या पुंटो-लिनियाही अशाच गुपचूप शोरूममधून नाहीशा झाल्या. त्यातली कुठलीही समजा. माझ्या गाडीने मला त्रास दिला नाही एवढं खरं. चहा पिता पिता त्या पोराला विचारलं, मग ही घेणार कोण? तर म्हणाला, "पुण्यात नाही जाणार सर ही. खाली जाईल, जत, सांगोला साइडला. तिकडचे मिस्त्री लोक बसवतात काहीतरी."

ते 'बसवतात काहीतरी' माझ्या डोक्यातून जाईना.

कारण आपण आयुष्यभर ज्या गप्पा मारतो ना, कुठली कंपनी टिकाऊ, कुठली गाडी लोखंड, कुठली नुसता पत्रा, त्या सगळ्या आपण पहिल्या मालकाच्या खुर्चीत बसून मारतो. गाडी म्हातारी होते तेव्हा आपण तिथे नसतोच.

आमच्या लहानपणी प्रश्न एवढा अवघड नव्हता कारण उत्तरं दोनच होती, अँबेसिडर नाहीतर फियाट. फियाटचं नाव बदलून प्रीमियर पद्मिनी होऊन कितीतरी वर्षं झाली होती, कुर्ल्याला बनायची, तरी लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणायचे. मे महिन्यात खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ज्यांनी बघितलीये त्यांना वेगळं सांगायला नको. पाण्याचा कॅन, इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या छोट्या पंपावर गुंडाळलेलं ओलं फडकं, गरम रबर आणि कच्च्या पेट्रोलचा वास, आणि कठड्यावर बसून दशम्या खाणारी अख्खी कुटुंबं. कोणाच्या चेहऱ्यावर वैताग नसायचा, गाडी घाटात गरम होणार हे गृहीतच होतं. डिकीत एक्स्ट्रा फॅन बेल्ट, प्लग, पॉइंट, कंडेन्सर असायचं, आणि गाडी चालवणाऱ्या प्रत्येक बाप्याला ते बदलता यायचं किंवा येतं असं दाखवता तरी यायचं. आणि मजा म्हणजे या गाड्यांना सगळे भरवशाची गाडी म्हणायचे! आजच्या हिशोबाने त्या दर पाचशे किलोमीटरला काहीतरी मागायच्या, पण जे मागायच्या ते कुठल्याही एसटी स्टँडसमोरच्या गॅरेजात मिळायचं. भरवसा गाडीवर नव्हताच, तो त्या गॅरेजवर होता. मुंबईत तर पद्मिनीची शेवटची टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मुदत संपली म्हणून ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी ती रस्त्यावरून उतरली. वीस वर्षं टॅक्सी! पण त्या वीस वर्षांत इंजिन कितीदा उघडलं, तळाचा पत्रा कितीदा बदलला, सीटच्या स्प्रिंगा कितीदा विणल्या, हे विचारलं तर मूळची फक्त नंबर प्लेट उरली असेल. मग टिकलं नक्की काय?

मारुती ८०० आली १४ डिसेंबर १९८३ ला आणि हा सगळा हिशोब बिघडला. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, दार लावलं की डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज, जुने मिस्त्री तिला काड्यापेटी म्हणायचे. आणि ती काड्यापेटी घाटात उभ्या असलेल्या त्या रांगेच्या बाजूने फुर्रकन निघून जायची. सकाळी चावी फिरवली की चालू. चोक ओढून देवाचं नाव घ्यायची गरज नाही. गाडीतलं काही कळत नसलेला माणूस गाडी ठेवू शकतो हे आपल्याकडे पहिल्यांदा तेव्हा घडलं, आणि मला वाटतं मारुतीवरचा तो जो विश्वास आहे ना, जो आज पत्र्याची जाडी आणि क्रॅश टेस्टवरून इतकी टिंगल होऊनही हटत नाही, तो त्या सकाळच्या पहिल्या सेल्फमधून आलाय. २०१४ मध्ये ती बंद झाली तोपर्यंत पंचवीस लाखांच्या वर विकली गेली होती.

उलट उदाहरण इंडिकाचं. ३० डिसेंबर १९९८ ला आली, आमच्या पिंपरीत बनलेली, अख्ख्या पुण्याला वाटत होतं आपल्याच घरी काहीतरी झालंय. आधीच्या सप्टेंबरातच सँट्रोही आली होती, म्हणजे एकाच वर्षात लोकांना मारुतीशिवाय दोन पर्याय. पण पहिल्या इंडिकांच्या तक्रारी यायला लागल्या आणि टाटांनी बरंच काही दुरुस्त करून २००१ मध्ये व्ही-टू काढली. ती चांगली गाडी होती, कंपन्यांच्या नाइट शिफ्टच्या टॅक्सीवाल्यांनी तिच्याकडून कशी कामं करून घेतलीयेत ते बघा, रात्रंदिवस डिझेल जाळत पळायच्या. पण पहिल्या दोन वर्षांत जे मत झालं ते पुढे पंधरा वर्षं पुसलं गेलं नाही. "टाटा? चांगली आहे, पण गॅरेजच्या फेऱ्या..." हे वाक्य ज्यांनी आयुष्यात टाटाची गाडी घेतली नाही तेसुद्धा म्हणायचे. स्थळ बघताना जसं मुलापेक्षा घराण्याबद्दल जास्त बोललं जातं तसं आपलं गाडीच्या बाबतीत चालतं.

आणि या घराण्याच्या गप्पा किती पोकळ असतात त्याचा सगळ्यात मोठा पुरावा पुण्यापासून तास-दीड तासावर, नगर रोडला, रांजणगावात. महागणपतीचं रांजणगाव. तिथल्या फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं, १२४८ सीसी. मारुती तेच इंजिन लायसन्सवर स्वतः बनवायची आणि डीडीआयएस म्हणायची, टाटा क्वाड्राजेट म्हणायची, फियाट मल्टिजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मान्झा, पुंटो, लिनिया, सगळ्यांच्या पोटात मुळात तेच. लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. आता कट्ट्यावर ऐका: स्विफ्टचं डिझेल इंजिन म्हणजे लोखंड, दोन लाख किलोमीटर हात लावायला नको. व्हिस्टाचं? ठीक आहे. पुंटोचं? अरे बाबा, इटालियन, नाजूक काम, नको त्यात पडू. म्हणजे पुंटो नाजूक कारण ती इटालियन, आणि स्विफ्ट भक्कम कारण ती मारुती, पण बॉनेट उघडलं तर मूळ इटालियन दोन्हीकडे! ट्यूनिंग वेगळं, टर्बो वेगळे, बाकीची गाडी वेगळी, हे मान्य. पण एवढा फरक इंजिनात नाही, तो फरक दर तालुक्याला असलेल्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. स्विफ्टचं ऑइल वेळेवर बदललं जायचं कारण बदलणारा जवळ होता, आणि पुंटोवाला चाळीस किलोमीटर लांब जायचं म्हणून पुढच्या महिन्यावर ढकलायचा. २०२० च्या एप्रिलमध्ये धुराचे नवे कडक नियम, म्हणजे बीएस-६, आले आणि ते इंजिनच बंद झालं.

माझी चुलत बहीण स्टुटगार्टला राहते, तिकडे हे सगळं शिस्तीत आहे म्हणे. नवी गाडी तीन वर्षांची झाली की तपासणी, मग दर दोन वर्षांनी, लोक त्याला नुसतं ट्यूफ म्हणतात, आणि त्या लाखो तपासण्यांमधून दरवर्षी यादी निघते की कुठल्या मॉडेलमध्ये किती टक्के गाड्यांना मोठे दोष निघाले. आपल्याकडे असं काही असावं असं मला फार वाटायचं. पण त्या यादीत पोर्शे ९११ वर्षानुवर्षं वरच्या नंबरांत असते, आणि त्याचं कारण तिकडचे लोकच सांगतात की ती गाडी मुळात कमी फिरते, रात्री गॅरेजात झोपते, आणि मालकाला बिलाची काळजी नसते. म्हणजे आकडे खरे, मोजलं मात्र मालकाला. अमेरिकेतली ती जे. डी. पॉवरची यादी आहे, तिच्यात शंभर गाड्यांमागे किती तक्रारी ते मोजतात, आणि लेक्सस बहुतेक वर्षं वर असते. पण ती तीन वर्षं जुन्या गाड्यांची! तीन वर्षांत आमच्याकडे सीटवरचं प्लास्टिक निघतं. आणि त्यात हल्ली सगळ्यात जास्त तक्रार कशाची, तर फोन गाडीच्या स्क्रीनला नीट जोडला जात नाही याची. गिअरबॉक्स गेला तरी एक तक्रार आणि ब्लूटूथ गेलं तरी एकच. जतच्या माणसाला या यादीचं काय करायचं?

तरी सगळ्या कंपन्या सारख्याच, फरक आपल्या डोक्यात, असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. टोयोटाचं काहीतरी आहे. २००० साली क्वालिस आली तेव्हा सगळे हसले होते, खोक्याला चाकं लावून आणलीत म्हणून, डिझाइन जुनंच होतं ते. पण तेच गुपित होतं. टोयोटा नवीन काही लवकर आणत नाही, जे दुसऱ्या देशात वर्षानुवर्षं मार खाऊन टिकलंय तेच आणते. २००५ मध्ये चांगली खपत असलेली क्वालिस बंद करून इनोव्हा आणली, आणि आज कोल्हापूर-पुणे-मुंबई रस्त्यावर चार-पाच लाख किलोमीटर झालेली इनोव्हा ही बातमी नाही. भाड्याच्या इनोव्हाच्या ड्रायव्हरशेजारी कधी बसलात तर बघा, तो मीटरचा आकडा नातवाचे मार्क सांगावेत तसा सांगतो. पण तोच ड्रायव्हर असंही सांगतो की ऑइल एक दिवस पुढे ढकलत नाही, सकाळी सेल्फ मारल्यावर लगेच गिअर टाकत नाही, घाट चढून आल्यावर लगेच बंद करत नाही, टर्बो थंड होऊ देतो. त्याचं पोट त्या इंजिनावर आहे. इनोव्हा चांगली म्हणून असे ड्रायव्हर तिच्याकडे गेले, की असे ड्रायव्हर मिळाले म्हणून इनोव्हा चांगली ठरली, मला अजून नक्की सांगता येत नाही. दोन्ही असेल. आणि २०१९ मध्ये तर मारुतीची बलेनोच टोयोटाचा लोगो लावून ग्लान्झा म्हणून आली, तेव्हा बलेनोला दोन वर्षं वॉरंटी होती आणि ग्लान्झाला तीन. गाडी तीच. ओळखीच्या एकांनी ग्लान्झा घेतली, का म्हणून विचारलं तर म्हणाले टोयोटाचं इंजिन आहे हो, इंजिनाला काही बघावं लागत नाही. मी काही बोललो नाही. त्यांनी खरंतर वॉरंटीचं एक वर्ष घेतलं होतं, आणि तेवढ्यापुरता त्यांचा व्यवहार शहाणपणाचाच होता.

आता तिसऱ्या मालकाकडे येतो.

आमचा मिस्त्री भोसरीत असतो. पत्र्याची शेड, आत काळ्या ऑइलने चकाकणारी जमीन, भिंतीवर साईबाबा, आणि त्यांच्याखाली एका खिळ्याला लटकलेले जुने टायमिंग बेल्ट. टॅबवाला पोरगा गेल्यावर मी त्याच्याकडे जाऊन बसलो, कारण तक्रार करायला दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं तू सांग, टिकाऊ गाडी कुठली? तो हात पुसत म्हणाला, "नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांत जिचा पार्ट दुपारच्या आत मिळतो ती." एवढंच. मग जरा वेळाने स्वतःच बोलायला लागला. त्याला म्हणे दिवसातून दोन-तीन फोन येतात, गावाकडून, कोणाची जुनी स्कोडा, कोणाची शेवरलेची क्रूझ, कोणाची जुनी मोठी जर्मन गाडी. बॉनेटजवळ फोन धरून आवाज ऐकवतात, व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवतात, भाऊ हा टकटक आवाज कशाचा. नवी असताना पंधरा लाखांची गाडी, याने दोन लाखांत घेतलेली असते, लग्नात मिरवायला, किंवा खरंच गरज म्हणून, आई-वडिलांना दवाखान्यात न्यायला. "साहेब, गाडी दोन लाखाची झाली, पण इंजेक्टर दोन लाखाच्या गाडीचा होत नाही. तो पंधरा लाखाच्याच गाडीचा राहतो." हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं. आपण रीसेल व्हॅल्यू पडली म्हणून रडतो, पण पडते ती फक्त गाडीची किंमत, सुट्या भागांची पडत नाही, उलट वाढते. इंजिनात डिझेल फवारणारे चार इंजेक्टर, टर्बो, ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स, यातलं एक जरी गेलं तरी बिल गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जातं. मग तो चालढकल करतो, स्क्रॅपमधून काढलेला घालतो, इंजिन लाइटवर काळी पट्टी चिकटवतो. आणि चौकात सांगतो, अमुक कंपनी म्हणजे कचरा. पुण्यातला पहिला मालक त्याच वेळी कुठेतरी सांगत असतो, माझ्याकडे सात वर्षं होती, एक रुपयाचा त्रास नाही. दोघंही खरं बोलतात, एकाच नंबर प्लेटबद्दल.

आणि बिघाडही येतात ते नेमके तिसऱ्याच्याच वेळी. क्लच प्लेट, सस्पेंशनचे बुश, लोअर आर्म, रेडिएटरची पाइपं, एसीचा काँप्रेसर, हे सगळं साधारण लाखभर किलोमीटरच्या आसपास एका मागोमाग एक सुरू होतं, आणि शहाणा पहिला मालक त्याच्या जरासं आधी गाडी काढतो. पंधरा वर्षं झाली की परत पासिंग, पर्यावरण कर, तोही तिसराच भरतो. कोकणातला तिसरा मालक असेल तर वरून गंज, इंजिन गुणगुणतंय आणि दाराखालचा पत्रा बोटाने तुटतोय, ते कुठल्या ब्रँडच्या खात्यात टाकायचं? नवीन बीएस-६ डिझेल गाड्यांचं तर मिस्त्री नाव काढलं तरी मान हलवतो. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ, आणि ती काजळी जाळून टाकायला गाडी अधूनमधून हायवेला सलग पळावी लागते. गावातल्या गावात दूध आणि भाजी आणायला वापरली की फिल्टर भरतो, गाडी पॉवर कापते, आणि ते काढायला लॅपटॉप लागतो. "पूर्वी गाडी बंद पडायची तेव्हा कळायचं कुठं बघायचं. आता बंदच पडत नाय, आणि पडली की मला पण कळत नाय," मिस्त्री म्हणाला. बंद पडण्याचं प्रमाण खरंच कमी झालंय, हेही त्यानेच मान्य केलं, त्याचा धंदाच सांगतो ते.

मग मला त्या टॅबवरच्या आकड्याचा राग येईनासा झाला. तो आकडा माझ्या गाडीचा अपमान नव्हता. जतमधल्या कोणाला तरी पुढे तीन वर्षांनी क्लच किट मिळणार नाही, हेडलाइट मिळणार नाही, मिळाली तर कुठल्यातरी भंगारातल्या गाडीची मिळेल, या सगळ्याचे पैसे त्या यंत्राने आत्ताच माझ्याकडून कापले होते. कंपन्या जाताना म्हणतात सर्व्हिस देत राहू, पार्ट देत राहू, आणि काही काळ देतातही. पण शोरूम बंद झालं की माणसं पांगतात, आणि पार्ट 'ऑर्डर टाकलीये' या अवस्थेत जातो. गाडी मी अजून विकली नाही, मिस्त्रीने क्लच किट आणि पुढचे दोन आर्म आत्ताच घेऊन ठेवा म्हणून सांगितलंय, त्याचा शोध चालू आहे.

या सगळ्यात भाच्याचा फोन आला. हिंजवडीत असतो, पहिली गाडी घेतोय. "मामा, तुला गाड्यांमधलं कळतं, रिलायबल कुठली सांग." मी तयारच होतो. अर्धा तास बोललो, टोयोटा, मारुती, पार्टची उपलब्धता, टर्बो नसलेलं साधं पेट्रोल इंजिन, साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, दहा वर्षांनी काय होतं, सगळं. त्याने ऐकून घेतलं, पोरगा गुणी आहे. मग म्हणाला, "हो मामा, पण दहा वर्षं कोण ठेवतंय? मी पाचव्या वर्षी काढणार. तोपर्यंत वॉरंटी असतेच." म्हटलं मग पुढचा? "पुढचा कोण?" जो तुझ्याकडून घेईल तो, आणि त्याच्याकडून घेईल तो. भाचा हसला, म्हणाला त्याचं मी कुठे बघत बसू. चुकीचं काही बोलला नाही तो, मीही माझी पहिली गाडी विकली तेव्हा कोणाला विकली ते आज आठवत नाही.

रविवारी बुकिंग केलं त्याने. टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक, सनरूफवाली.